वाचकांचे प्रश्न: यंत्राने कोड बदलला, मग तपासायचं काय?

मागच्या अंकात जुना कोड आपोआप नीट करून देणाऱ्या साधनांवर लिहिलं होतं. प्रोग्रामची आतली मांडणी बदलायची, पण बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवायचं, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. त्यातली बरीचशी हमाली आता यंत्र करतं, एवढाच त्या लेखाचा गाभा. त्यावर आलेली निम्मी पत्रं 'कुठलं साधन घेऊ' अशी आहेत आणि उरलेली 'साधन घेतलं, आता हे काय होऊन बसलं' अशी. दुसऱ्या प्रकारची पत्रं वाचायला मला जास्त आवडतात, त्यामुळे जागाही त्यांनाच जास्त मिळाली आहे.

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काय काम चाललंय विचारलं की म्हणते, 'रिफॅक्टरिंग, नवीन काही नाही.' नवीन काही करायचं नसेल तर कंपनी पगार कशाचा देते? आणि आता तेही यंत्र करणार म्हणे.
*— निवृत्त शिक्षिका, सातारा*

बाई, एखाद्या दुकानाचं बिलाचं सॉफ्टवेअर घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा घाईघाईत कुणीतरी लागेल तिथे थेट १२ हा आकडा टाकून दिला. बिलात टाकला, परताव्यात टाकला, महिन्याच्या अहवालात टाकला. सगळं छान चाललं. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा टप्पा बहुतेक वस्तूंवरून उठला आणि ते सगळे १२ शोधत बसायची पाळी आली. ज्यांच्याकडे मधल्या काळात कुणीतरी बसून तो आकडा नाव देऊन एकाच जागी ठेवला होता, त्यांचं काम चहा येईपर्यंत आटोपलं. पगार मिळतो तो मधल्या काळातल्या त्या कामाचा.

यंत्राचं म्हणाल, तर आकड्याला नाव देऊन सगळीकडे तेच नाव घालणं इंटेलिजे किंवा एक्लिप्ससारखा कोड लिहायचा एडिटर दोन क्लिकमध्ये करतो. पण त्याच फाइलमध्ये हप्त्यांचा हिशेब असेल तर तिथे वर्षाचे महिनेही १२च असतात. 'सगळीकडे बदल' म्हटलं की यंत्र त्या महिन्यांनाही 'जीएसटी दर' असं नाव देऊन मोकळं होतं. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, कारण किंमत अजून १२च आहे. पुढे कुणी दर १८ केला की त्या दुकानात वर्षाला अठरा महिने होतात. कुठला १२ कराचा आणि कुठला महिन्यांचा हे तुमच्या मुलीला ओळखता येतं. असे किती सापडले, विचारून बघा तिला. दोन तास बोलेल.

प्रश्न: आमचं प्रोजेक्ट जावा ८ आणि स्प्रिंग बूट २ वर आहे. क्लायंटला स्प्रिंग बूट ३ हवंय. मॅनेजर म्हणतात, 'जावाएक्स'चं 'जकार्ता' तर करायचंय, फाइंड-रिप्लेस मारा, संध्याकाळपर्यंत होईल. मी ओपनरीराइटचं नाव काढलं तर म्हणाले, नवीन साधन शिकायला वेळ नाही. कोण बरोबर?
*— हिंजवडी*

तुम्ही. मॅनेजरसाहेबांची चूक का होतेय तेही सांगते, म्हणजे मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.

ओरॅकलने २०१७ मध्ये एंटरप्राइझ जावाचा, म्हणजे कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या जावाच्या जोडसंचाचा, कारभार एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला, पण 'जावा' हे नाव स्वतःकडेच ठेवलं. त्यामुळे 'जावाएक्स' या आडनावाखाली पुढे काही बदल करायची परवानगी उरली नाही आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या त्याच्याच जकार्ता ईई ९ या आवृत्तीत त्यातल्या सगळ्या पॅकेजांचं, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यांचं, आडनाव 'जकार्ता' झालं. स्प्रिंग बूट या जावा सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्याची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली ती हे नवं आडनाव आणि किमान जावा १७ अशा दोन अटी घेऊनच.

आता गोम अशी की आडनाव सगळ्यांनी बदललेलं नाही. 'जावाएक्स.सर्व्हलेट', 'जावाएक्स.पर्सिस्टन्स', 'जावाएक्स.व्हॅलिडेशन' 'जकार्ता'त गेले. 'जावाएक्स.एसक्यूएल', 'जावाएक्स.क्रिप्टो', 'जावाएक्स.स्विंग' जिथल्या तिथे आहेत, कारण ते मूळ जावातच येतात. याहून वाईट म्हणजे एकाच घरातली वाटणी. 'जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड' गेलं, 'जावाएक्स.एक्सएमएल.पार्सर्स' राहिलं. 'जावाएक्स.ट्रान्झॅक्शन' गेलं, पण त्याच्याच पोटातलं 'एक्सए' राहिलं. 'जावाएक्स.ॲनोटेशन' गेलं, त्यातलं 'प्रोसेसिंग' राहिलं. फाइंड-रिप्लेसला हे कळायचं कारणच नाही, त्याला नुसती अक्षरं दिसतात.

ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं साधन आधी कोडचं झाड बनवतं आणि त्यातल्या प्रत्येक नावाचा खरा प्रकार काय, ते कुठल्या लायब्ररीतून आलंय, हे त्या झाडावर लिहून ठेवतं. त्यामुळे कुणाचं आडनाव बदलायचं आणि कुणाचं नाही हे त्याला ठरवता येतं. स्प्रिंग बूट ३ वर नेण्याची तयार रेसिपी, म्हणजे कुठले बदल करायचे त्याची कृती, त्यात आहे. तिच्यात जावा १७ आणि जकार्ता दोन्ही येतं. शिकण्यासारखं फारसं नाही: प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हनच्या फाइलमध्ये प्लगइन टाकायचं, 'ड्रायरन' चालवायचं. ते तुमच्या एकाही फाइलला हात लावत नाही. 'टार्गेट' फोल्डरमध्ये 'रीराइट' नावाच्या कप्प्यात काय काय बदलेल ते दाखवणारी एक पॅच फाइल ठेवतं. ती फाइल मॅनेजरना दाखवा. 'संध्याकाळपर्यंत'वर तिच्याइतकं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एक पथ्य पाळा. रेसिपी चालवायच्या आधी प्रोजेक्ट जुन्या जावावर स्वच्छ कंपाइल झालं पाहिजे. एखादं जार (लायब्ररीची फाइल) कुणाच्या तरी डेस्कटॉपवरून आलेलं असेल आणि तुमच्या मशीनवर सापडत नसेल, तर साधनाला त्यातले प्रकार समजत नाहीत आणि ज्याचा प्रकार समजत नाही त्याला ते हात लावत नाही. ओरडतही नाही. 'रेसिपी चालली पण अर्ध्याच फाइल बदलल्या' अशी जी पत्रं येतात, त्यात पहिला संशय मी यावरच घेते.

मग राहतात कोटेशनमधली नावं. फाइंड-रिप्लेसने 'जावाएक्स.एसक्यूएल' मोडलं तर कंपाइलर बोंब मारतो आणि पाच मिनिटांत दुरुस्त होतं. तो बोंबलतो ते बरंच आहे. पण डेटाबेसशी बोलणाऱ्या पर्सिस्टन्सच्या क्वेरीला आपण ज्या सूचना देतो, लॉकसाठी किती थांबायचं वगैरे, त्या स्ट्रिंग असतात. त्यांच्यातही जुनं आडनाव असतं आणि प्रमाणसंहितेप्रमाणे ओळखीची नसलेली सूचना गुपचूप सोडून द्यायची असते. सरळ लिहिलेली स्ट्रिंग एक वेळ साधनाला सापडेल. एक तुकडा कॉन्फिगरेशनमधून आणि दुसरा कोडमधून घेऊन जोडलेली स्ट्रिंग कुणाच्या बापाला सापडत नाही. ती हाताने शोधा. तिथे फाइंड वापरा, रिप्लेस नको.

प्रश्न: आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. ओपनरीराइटने जावा ८ वरून २१ वर आलो. कंपाइल झालं, आकडे जुळले, पण छापील यादीत नावांच्या जागी काळे चौकट आणि त्यात प्रश्नचिन्हं. साधनाने केलेले सगळे बदल एकेक ओळ तपासले, नावं वाचणाऱ्या कोडला त्याने हातही लावलेला नाही. मग झालं काय?
*— कोल्हापूर*

आधी एक करा: ते सॉफ्टवेअर बंद करा आणि फाइलींचा बॅकअप घ्या. कारण खाली सांगते.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, कोड बदललेला नाही. त्याच्या पायाखालची जमीन बदलली. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असं फाइलीत नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि त्यापुढच्या १२८ ते २५५ या बाइटांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने तो नुसता विंडोज-१२५२ मधला अगम्य मजकूर असतो. फॉन्ट लावला की त्याचं 'पाटील' दिसतं.

तुमच्या कोडमध्ये फाइल वाचणारा जावाचा फाइलरीडर असणार आणि त्याला कुठलं एन्कोडिंग, म्हणजे बाइटांवरून अक्षरं ओळखायचा कुठला तक्ता, वापरायचं ते सांगितलेलं नसणार. जावा १७ पर्यंत अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिमचं एन्कोडिंग घेतलं जायचं. तुमच्या इंग्रजी विंडोजवर ते १२५२. एक बाइट, एक अक्षर, फॉन्ट लागला, नाव दिसलं. जावा १८ पासून मात्र काही न सांगितल्यास सगळीकडे यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग धरलं जातं. १२७ च्या वरचे ते बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत, म्हणून जावा त्यांच्या जागी 'काहीतरी होतं, कळलं नाही' अशा अर्थाचं एकच चिन्ह ठेवतं. तेच तुमचे काळे चौकट.

आता बॅकअपचं कारण. नुसती यादी छापली असेल तर मूळ फाइल शाबूत आहे. पण कुणी सभासदाचा पत्ता दुरुस्त करून 'सेव्ह' केलं असेल, तर ते चौकटच फाइलीत लिहिले गेलेत. वेगवेगळ्या बाइटांच्या जागी सगळीकडे एकच चिन्ह आलं, त्यातून मूळ बाइट परत काढायला कुठलंही साधन नाही. जुन्या बॅकअपमधूनच आणावं लागेल.

तातडीचा इलाज सोपा आहे. जावा सुरू करताना 'फाइल.एन्कोडिंग' या पर्यायाला 'कॉम्पॅट' ही किंमत द्या, म्हणजे या बाबतीत ते जावा १७ सारखं वागेल. तेवढ्यावर संस्थांची कामं चालू होतील. पण तिथेच थांबू नका, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी नवा मुलगा सर्व्हर हलवेल आणि तो पर्याय टाकायचा विसरेल. जिथे जिथे फाइल वाचली किंवा लिहिली जाते तिथे विंडोज-१२५२ असं स्पष्ट लिहा. फाइलरीडरला एन्कोडिंग देण्याची सोय जावा ११ पासून आहे. ही ठिकाणं शोधायला गूगलचं एरर प्रोन नावाचं साधन आहे, त्यात 'डिफॉल्ट चारसेट' याच नावाची तपासणी आहे. एन्कोडिंग न सांगता केलेलं प्रत्येक वाचन-लेखन ती दाखवते.

एका गोष्टीपासून जपा. तुमच्यापैकी कुणालातरी जुना फाइलरीडर काढून 'फाइल्स' या नव्या क्लासमधली सुटसुटीत पद्धत वापरायचा मोह होईल, आणि कोड तपासणारी साधनंही तसं सुचवतात. ती पद्धत अगदी पूर्वीपासून, काही न सांगितल्यास यूटीएफ-८च धरते. म्हणजे 'कॉम्पॅट' लावूनही तिथे ते बाइट वाचता येणार नाहीत, चौकटही न येता वाचन एरर देऊन थांबेल. दिसायला तो निव्वळ नीटनेटकेपणा वाटतो, पण वागणं बदलतं.

आणि ही सगळी नावं एकदा युनिकोडमध्ये न्याच. मात्र ते वेगळं काम आहे, वेगळ्या महिन्यात. प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, आणि रफार, पहिली वेलांटी यांच्या जागा फिरवाव्या लागतात. जावा बदलताना विदाही बदलायला घेतली तर कशामुळे काय बिघडलं ते शोधताना वेड लागेल.

हा प्रकार तुम्हाला आधी पकडता आला असता का? आला असता. जुन्या जावा ८ वरच 'फाइल.एन्कोडिंग' यूटीएफ-८ देऊन एक यादी छापली असती तर हेच चौकट टेस्टिंगच्या मशीनवर दिसले असते. जे वाचक अजून जावा ८ वर आहेत त्यांनी ही यादी उद्याच छापून बघावी.

प्रश्न: फायनल इयरला सीनियर्सचं निकालपत्रकाचं प्रोजेक्ट मिळालंय, पायथॉन २ मधलं. '२ टू ३' वापरलं, चाललं. सर म्हणतात एवढ्यावर मार्क देणार नाही, तुम्ही काय केलंत? मॅडम, खरंच अजून काय करायचं उरतं?
*— सांगली*

तुझ्या सरांशी मी सहमत आहे, पण मार्क कसे मिळवायचे तेही सांगते.

'२ टू ३' व्याकरण बदलतं. प्रिंटला कंस घालतं, 'एक्सरेंज'चं 'रेंज' करतं. ही कामं ते चोख करतं. (पायथॉन ३.१३ पासून ते पायथॉनबरोबर येत नाही, तेव्हा तुझ्या मशीनवर जुनी आवृत्ती आहे, ती ठेव.) पण ज्या ओळी दोन्ही पायथॉनमध्ये व्याकरणाने बरोबर आहेत आणि अर्थ मात्र वेगळा आहे, त्यांना ते हात लावत नाही. निकालपत्रकात नेमक्या अशाच ओळी असतात.

दोन विषयांचे मिळून ६९ मार्क आहेत, सरासरी काढायची आहे. पायथॉन २ मध्ये ६९ भागिले २ म्हणजे ३४, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक टाकून दिला जायचा. पायथॉन ३ मध्ये ३४.५. बहुतेकांना हे ठाऊक असतं. त्याच्या पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. समज, सीनियर हुशार होते आणि त्यांनी २ ऐवजी २.० ने भागून उत्तर 'राउंड' केलं. पायथॉन २ मध्ये ३४.५ चे झाले ३५, पोरगं पास. पायथॉन ३ मध्ये 'राउंड' नेमक्या अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. ३४.५ चे झाले ३४. तेच पोरगं नापास. आणि ३५.५ चे दोन्हीकडे ३६ होतात, म्हणजे सहज चार नोंदी घालून बघितलंस तर फरक दिसेलच असं नाही.

जुना प्रोग्राम पायथॉन २.७ वर, नवा पायथॉन ३ वर, दोन्हींना शून्य ते शंभरपर्यंतच्या मार्कांच्या सगळ्या जोड्या दे आणि उत्तरं ओळीला ओळ लावून ताडून बघ. फरकाच्या ओळींचा तक्ता कर, प्रत्येक फरकामागचं कारण लिही, आणि कॉलेजचा नियम अर्धा मार्क वर न्यायचा असेल तर तो नियम कोडमध्ये उघडपणे लिही. भागाकारांसाठी २.७ मध्ये 'क्यू-वॉर्न' नावाचा पर्याय आहे, तो लावून चालवलंस की पूर्णांकांचा जुन्या पद्धतीचा प्रत्येक भागाकार तो दाखवतो. हा तक्ता सरांपुढे ठेव. तरी मार्क दिले नाहीत तर मला पुन्हा लिही.

प्रश्न: साधन चालवलं, नऊशेवर फाइल बदलल्या. रिव्ह्यू कोण करणार? टेस्ट जवळपास नाहीत. शिवाय सीनियर चिडलेत की 'गिट ब्लेम'मध्ये आता सगळ्या ओळींवर माझं नाव येतंय.
*— टीम लीड, नागपूर*

नऊशे फाइल कुणीच वाचत नाही. पहिल्या वीस वाचतात, मग 'ठीक वाटतंय' लिहितात.

यंत्राने केलेला बदल एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, एकटा ठेवा. त्यात हाताने केलेली एकही दुरुस्ती नको. कमिटच्या संदेशात साधनाची आवृत्ती आणि चालवलेली कमांड जशीच्या तशी लिहा. मग रिव्ह्यू करणाऱ्याने जुन्या कोडवर तीच कमांड चालवायची आणि निकाल तुमच्या कमिटशी ताडायचा. तंतोतंत जुळला तर वाचायची राहते फक्त रेसिपी आणि नमुन्याच्या काही फाइल. हाताच्या दुरुस्त्या पुढच्या कमिटमध्ये येऊ द्या. तिथे मात्र प्रत्येक ओळ वाचायची.

ब्लेम म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय. तिच्यावरचा उपाय ऑगस्ट २०१९ च्या गिट २.२३ पासून आहे. वगळायच्या कमिटांचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहायचे, गिटच्या सेटिंगमध्ये तिचं नाव द्यायचं, ब्लेम त्या कमिटांना ओलांडून मागच्या खऱ्या लेखकापर्यंत पोचतं. 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' या रूढ नावाने, नावाच्या सुरुवातीला टिंब देऊन ठेवलीत तर गिटहबही ती आपण होऊन वाचतं. सीनियर शांत होतील. निदान या कारणापुरते.

टेस्ट नाहीत, तर लिहायला बसू नका, वेळ मिळणार नाही. जुन्या प्रोग्रामला एका महिन्याचा खरा इनपुट द्या आणि जे बाहेर पडेल ते साठवा: अहवाल, सीएसव्ही, दुसऱ्या यंत्रणेला जाणारे संदेश. तारीख-वेळेसारखं दर वेळी बदलणारं झाकून टाका. नव्यालाही तेच द्या आणि ताडा. जुन्यात चुका असतील तर त्याही जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत, त्यांची दुरुस्ती नंतर, वेगळी. बदलाच्या आधी हे साठवलं नसेल तर जुनी आवृत्ती गिटमधून काढा आणि आज साठवा. उशीर झालेला नाही.

प्रश्न: आम्ही सीमध्ये काम करतो, गाड्यांच्या कंट्रोलरसाठी. तुमची सगळी साधनं जावावाल्यांची.
*— चाकण*

तक्रार मान्य. तुमच्यासाठी कॉक्सिनेल आहे. ज्यूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, घडवलं. त्यातला नियम पॅचसारखाच दिसतो, वजाची ओळ जाते, अधिकची येते, फक्त चलांच्या जागी 'कुठलीही राशी' असं म्हणता येतं. आधी मेमरी मागायची आणि मग ती शून्याने भरायची, या दोन ओळींच्या जागी दोन्ही कामं करणारं एकच फंक्शन घालायचं, हा त्याचा नेहमीचा नमुना. कर्नलच्या सोर्समध्येच असे नियम ठेवलेले आहेत, ते वाचून शिका.

तुमच्याकडची खरी अडचण 'इफडेफ'ची, म्हणजे अटीनुसार कोडचा तुकडा घ्यायचा की गाळायचा ते ठरवणाऱ्या ओळींची. एकाच फाइलमधून प्रत्येक मॉडेलचा वेगळा प्रोग्राम निघतो. त्यामुळे नियम लावल्यावर सगळ्या मॉडेलांचे बिल्ड करून बघा, फक्त चालू मॉडेलचा नको.

प्रश्न: इकडे आमच्या ऑफिसात सगळं रिफॅक्टरिंग एआय असिस्टंटकडे सोपवायचं ठरलंय. रेसिपी लिहिणं वगैरे जुनी पद्धत झाली असं नाही का वाटत?
*— एडिसन, न्यू जर्सी*

नाही वाटत. ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या एआय सहायकामुळे जावाच्या आवृत्त्या बदलण्यात ४,५०० डेव्हलपर-वर्षं वाचली. आकडा त्यांचा, त्यांच्याच विक्रीच्या मालाबद्दलचा, तेव्हा तो त्या हिशेबाने घ्यावा. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते: जावाच्या बढतीसाठी त्या सहायकाच्या पोटात ओपनरीराइट वापरल्याचं ॲमेझॉननेच सांगितलंय. म्हणजे ज्याला तुम्ही जुनी पद्धत म्हणता ती तिथे आत काम करतेय.

भाषेच्या मॉडेलला नऊशे फाइल एकेक करून दिल्या तर तोच बदल ते चार तऱ्हांनी करतं. एखाद्या ठिकाणी जाता जाता 'सुधारणा'ही करून जातं: शून्याची तपासणी वाढवली, अपवाद गिळला. प्रत्येक बदल पटण्यासारखा दिसतो, हीच पंचाईत. शिवाय नागपूरच्या वाचकांना सांगितलं तसं पुन्हा चालवून ताडता येत नाही, कारण दुसऱ्यांदा वेगळंच उत्तर येतं.

म्हणून मी मॉडेलकडून बदल करून घेत नाही, बदल करणारा छोटा प्रोग्राम लिहून घेते. जावा असेल तर ओपनरीराइटची रेसिपी, जावास्क्रिप्ट असेल तर फेसबुकवाल्यांनी काढलेल्या जेएस-कोडशिफ्टसाठीची स्क्रिप्ट. अशी स्क्रिप्ट लिहायचा लोकांना खरा कंटाळा असतो, झाडाच्या फांद्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि तिथे मॉडेल फार उपयोगी पडतं. मग नऊशे फाइलींच्या ऐवजी साठ-सत्तर ओळींची स्क्रिप्ट नीट वाचायची. ती चुकली तर सगळीकडे एकाच पद्धतीने चुकते, त्यामुळे सापडते लवकर. सुट्या, एकमेकींसारख्या नसलेल्या पाचपंधरा जागा उरतात, त्या खुशाल मॉडेलला द्या आणि प्रत्येक वाचा.

प्रश्न: एडिटरमधलं 'रिनेम' तरी डोळे झाकून वापरावं का? आणि एक्लिप्स बरं की इंटेलिजे?
*— ठाणे*

डोळे अर्धे झाका. या विषयावरचा विल्यम ऑपडाइक यांचा पीएचडीचा प्रबंध १९९२ चा, इलिनॉय विद्यापीठातला. कुठल्या अटी पाळल्या तर वागणं बदलणार नाही, याचा विचार त्यात आहे आणि आजची साधनं साधारण त्याच वाटेने जातात. तरीही २००७ मध्ये संशोधकांनी यंत्रानेच बनवलेले प्रोग्राम एक्लिप्स आणि नेटबीन्स या एडिटरांच्या रिफॅक्टरिंगला खाऊ घातले, तेव्हा एक्लिप्समध्ये २१ आणि नेटबीन्समध्ये २४ नवे बग निघाले. ते विचित्र कोपऱ्यांतले होते. रोजच्या जावामध्ये रिनेम विश्वासाचं आहे. पायथॉनमध्ये, किंवा नाव स्ट्रिंगमधून उचलणाऱ्या कोडमध्ये, बदलण्याआधी जुनं नाव एकदा शोधून बघा.

उलट लोक ही सोय वापरतच नाहीत अशी माझी तक्रार आहे. २००९ मधल्या एका अभ्यासात जवळपास ९० टक्के रिफॅक्टरिंग हातानेच होत असल्याचं दिसलं होतं, आणि आजूबाजूच्या टेबलांवर बघते तेव्हा ते चित्र फारसं पालटलेलं वाटत नाही. लोक फंक्शनमधला तुकडा कापतात, खाली चिकटवतात, आणि कुठलं चल राहिलं ते लाल रेघा बघून शोधत बसतात.

दोन्हींपैकी जे ऑफिसात आहे ते वापरा. नाव बदलायला इंटेलिजेत शिफ्ट आणि एफ६, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-आर, व्हीएस कोडमध्ये नुसतं एफ२. तुकड्याचं वेगळं फंक्शन करायला इंटेलिजेत कंट्रोल-ऑल्ट-एम, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम. मॅकवर बटणं वेगळी आहेत, ती रिफॅक्टरच्या मेन्यूत शेजारीच लिहिलेली असतात.